टोक कुठे आहे?

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या दहिसरमधल्या हाडांच्या दवाखान्यांत मनगट मोडलेले पेशंट वाढतात. कुणी स्टेशनच्या जिन्यावर घसरतं, कुणाचा पाय रावळपाड्याच्या चढावर शेवाळावरून सटकतो. पडताना माणूस आपसूक हात पुढे करतो आणि अंगाचं सगळं ओझं तळहातावर येतं. साठी ओलांडलेल्या बाईचं हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं, ते मनगटाच्या थोडं वर मोडतं. प्लास्टरवर भागलं तर उत्तम. तुकडे सरकलेले असतील तर प्लेट आणि स्क्रू लावावे लागतात. ऑपरेशन म्हटलं की घरच्यांना हाडापेक्षा भुलेचीच काळजी जास्त लागते. "डॉक्टर, आईला शुगर आहे, बीपी आहे, दम्याचा पंप चालू आहे. पूर्ण भूल झेपेल ना?"

पूर्ण भूल आज पुष्कळ सुरक्षित झाली आहे. तरीही मोडलंय मनगट, आणि त्यासाठी मेंदू झोपवायचा, घशात नळी घालून श्वास यंत्राच्या ताब्यात द्यायचा, एवढा द्राविडी प्राणायाम दर वेळी करावाच लागतो असं नाही. वेदनेची वाट मध्येच अडवली तरी काम भागतं. हाताच्या नसा मानेच्या तळाशी मणक्यांमधून पाच मुळांनी निघतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात आणि कॉलर बोनच्या मागे येईपर्यंत त्यांचा एक आटोपशीर जुडगा झालेला असतो. (इथे नस म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, रक्ताची वाहिनी वेगळी.) त्या जुडग्याभोवती बधिर करणारं औषध सोडलं की पंधरा-वीस मिनिटांत हात जड होतो, बोटं हलेनाशी होतात, आणि पेशंट जागा असताना ऑपरेशन करता येतं. भूलतज्ज्ञ याला 'ब्लॉक' म्हणतात आणि आता पेशंटही तोच शब्द वापरतात.

नसेतून संदेश धावतो तो सोडियमचे कण नसेच्या आत शिरत गेल्यामुळे. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन ही औषधं सोडियमची ती दारं काही तास लावून घेतात. पण औषध नसेच्या अगदी लगत पडावं लागतं. सेंटिमीटरभर बाजूला, एखाद्या पडद्याच्या पलीकडे पडलं, तर हात अर्धाच बधिर होतो. नसेच्या आत पडलं तर नस दुखावते. शेजारच्या रक्तवाहिनीत गेलं तर फिट येऊ शकते, हृदयाची लय बिघडू शकते. आणि सुई आणखी खाली गेली तर तिथे फुप्फुसाचं आवरण असतं. म्हणून ब्लॉक देणाऱ्या डॉक्टरच्या डोक्यात सुई कातडीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत एकच प्रश्न चालू असतो: टोक कुठे आहे?

जवळजवळ शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर हाताच्या स्पर्शाने आणि अंदाजाने दिलं गेलं. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड आणि त्यांचे सहकारी नसांभोवती कोकेन टोचू लागले. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले, आणि हाल्स्टेड यांच्यासारखा अव्वल सर्जन त्यात कोकेनच्या व्यसनात अडकला. १९११ मध्ये डीडरिश कुलेनकाम्फ या जर्मन सर्जनने कॉलर बोनच्या वरून सुई घालण्याची रीत बसवली, तीही आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिली. बोटाने धमनीचा ठोका चाचपायचा, त्याच्या बाहेरच्या अंगाला पहिल्या बरगडीच्या दिशेने सुई सोडायची, आणि पेशंटला सांगून ठेवायचं की हातात झटका आला की बोला. पेशंट "करंट लागला" म्हणाला की टोक नसेला लागलं असं समजून औषध सोडायचं. म्हणजे नस सापडल्याची खूण होती ती नसेला सुई टोचल्याचीच. या जुन्या रीतीत फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडून छातीत हवा भरण्याचं प्रमाण वेगवेगळ्या नोंदींमध्ये शेकडा अर्ध्यापासून सहापर्यंत दिलेलं आढळतं. अनुभवी हातांत ते कमी असे, शिकाऊ हातांत जास्त.

मग विजेची मदत घेतली गेली. सुईतून अगदी बारीक प्रवाह सोडायचा. टोक नसेजवळ गेलं की त्या नसेचा स्नायू फडकतो, बोटं आपोआप वळतात. ही कल्पना जर्मन सर्जन गेओर्ग पर्थेस यांनी १९१२ मध्येच मांडली होती. १९६२ मध्ये ग्रीनब्लॅट आणि डेन्सन यांनी सहज हाताळता येईल असं छोटं यंत्र केलं आणि पुढे ते जगभर गेलं. साधारण अर्धा मिलिअँपिअर प्रवाहावर बोटं हलत राहिली तर टोक पुरेसं जवळ आहे, असा आडाखा बसला. सुईला बाहेरून विजेला अडवणारं आवरण आणि फक्त टोक उघडं, ही रचना याच गरजेतून आली. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर चमकणाऱ्या सुयांतही ती बहुधा कायम असते. तरीही अंदाज तो अंदाजच. कधी टोक नसेला टेकलेलं असूनही बोट हलत नाही, आणि मधुमेहाने नसा आधीच मंदावलेल्या असतील तर प्रवाह वाढवत न्यावा लागतो.

सोनोग्राफी या कामात १९७८ मध्ये आली, पण अर्धवट. ला ग्रांज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉपलरने फक्त धमनीचा आवाज ऐकून जागा नक्की केली. नस पाहत पाहत सुई पुढे नेणं आणि औषध पसरताना डोळ्यांनी बघणं, हे व्हिएन्नातल्या श्टेफान काप्राल आणि मंडळींनी १९९४ मध्ये छापून दाखवलं. तिथून पुढे या शाखेचा चेहरामोहराच बदलला.

कॉलर बोनच्या वर जेली लावून प्रोब टेकवला की पडद्यावर काय दिसतं ते जरा सावकाश पाहू. मध्यभागी एक काळं वर्तुळ ठोक्याठोक्याला फुगतं आणि आवळतं, ती धमनी. तिच्या खाली एक लख्ख पांढरी रेघ आणि रेघेखाली गडद सावली, ती पहिली बरगडी. बरगडीच्या बाजूला दुसरी पांढरी रेघ, पण ही श्वासाबरोबर पुढेमागे सरकते आणि तिच्याखाली सावली न पडता धुकट चमक दिसते. ते फुप्फुसाचं आवरण. आणि धमनीच्या वर, बाहेरच्या अंगाला, लहान लहान काळे गोल ठिपके पांढऱ्या जाळीत गुंफलेले. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या नसा. त्यांच्यापासून फुप्फुसापर्यंतचं अंतर बारीक माणसात सेंटिमीटरभर, कधी त्याहून कमी. ही सगळी मंडळी इतकी दाटीवाटीने बसलेली आहेत हे एकदा पडद्यावर पाहिलं की जुन्या डॉक्टरांनी बोटांच्या जोरावर हे कसं निभावलं असेल याचं नवल वाटतं.

इतकं सगळं दिसतं, तरी सुई दिसेलच असं नाही.

हे कोडं समजून घेण्यासारखं आहे. सोनोग्राफीचा ध्वनी शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. नसा पाहायला जो चपटा प्रोब वापरतात त्याची वारंवारता दहा ते पंधरा मेगाहर्ट्झ असते. दहा मेगाहर्ट्झला लाटेची लांबी येते ०.१५ मिलिमीटर. ब्लॉकची नेहमीची २२ गेजची सुई ०.७ मिलिमीटर जाड, म्हणजे लाटेच्या मानाने चांगली ऐसपैस. त्यात पोलाद आणि मांस यांची घडण इतकी वेगळी की सुईवर सरळ आदळलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक परत फिरते. हिशेबाने पाहिलं तर पडद्यावर सुईइतकं ठळक दुसरं काही दिसायला नको.

अडचण गुळगुळीतपणाची आहे. गुळगुळीत पृष्ठभाग ध्वनीला ज्या कोनात येईल त्याच कोनात पलीकडे टाकतो. सुई प्रोबला समांतर असेल तर परतलेला ध्वनी थेट प्रोबमध्ये येतो आणि पडद्यावर पांढरीशुभ्र रेघ उमटते. पण सुई तिरकी घालावी लागते, आणि जागा जितकी खोल तितकी जास्त तिरकी. तीस अंशांपलीकडे गेलं की बराचसा ध्वनी प्रोबला चुकवून भलतीकडे निघून जातो आणि रेघ फिकट पडत पडत नाहीशी होते. म्हणजे पृष्ठभागावर सुई छान दिसते आणि खोलवर, फुप्फुसाच्या जवळ, जिथे ती दिसणं सगळ्यात निकडीचं, तिथेच दिसेनाशी होते. शिवाय ध्वनीचा पडदा खूप पातळ असतो, मिलिमीटरभर जाडीचा. प्रोब केसभर हलला की सुई त्या पडद्याबाहेर जाते.

यावर सुई बनवणाऱ्यांनी शोधलेलं उत्तर दहिसर चेकनाक्यावरून रात्री गाडी नेणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या दुभाजकावरचे रिफ्लेक्टर. गाडी कुठल्याही बाजूने येवो, हेडलाइटचा प्रकाश ते ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यांच्या आत खोलीच्या कोपऱ्यासारखे, तीन पृष्ठभाग काटकोनात मिळणारे बारीक कोपरे असतात. अशा कोपऱ्यात शिरलेला किरण दोन-तीन भिंतींवर आपटून आल्या वाटेने माघारी फिरतो. प्रकाशाला लागू पडतं ते ध्वनीलाही. सुईच्या पृष्ठभागावर तसेच सूक्ष्म खळगे कोरले की तिरक्या कोनातूनही ध्वनीचा काही हिस्सा प्रोबकडे परततो. जर्मनीतल्या पायुंक कंपनीच्या 'सोनोप्लेक्स' सुया या कोपऱ्यांच्या तत्त्वावरच्या, बी. ब्राउनच्या 'स्टिम्युप्लेक्स अल्ट्रा ३६०' वर फुल्यांच्या आकाराची नक्षी सुईभोवती सर्व बाजूंनी फिरवलेली असते. दुसरा मार्ग लेपाचा: सुईवर प्लॅस्टिकचा असा थर द्यायचा की त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून राहतील. हवा ध्वनीला जवळजवळ पूर्ण परतवते आणि गोल बुडबुडा तो सगळ्या दिशांना उधळतो, त्यामुळे थोडा तरी प्रोबपर्यंत पोचतोच.

अशी सुई हातात घेऊन भिंगातून पाहण्यासारखी आहे. लांबी पाच, आठ किंवा दहा सेंटिमीटर. अंगावर सेंटिमीटरच्या काळ्या खुणा, म्हणजे किती आत गेली ते बाहेरून मोजता येतं. मागच्या टोकाला एक पारदर्शक नळी, तिच्यातून औषध सहायक सोडतो. डॉक्टरचे दोन्ही हात सुई आणि प्रोबवरच राहिले पाहिजेत. शिवाय प्रवाहासाठी एक वायर. टोकाकडच्या शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरवर उजेडात खरखरीत दिसणारा पट्टा, तीच नक्षी. नखाने चाचपलं तर क्वचितच जाणवते, कारण जास्त खरखरीत केली तर सुई मांसातून सरकताना अडखळेल. टोकाचा काप आखूड आणि बोथटसर असतो, नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईसारखा लांब धारदार नसतो.

या बोथटपणामागे एक जुना वाद आहे. १९७७ मध्ये स्वीडनमधल्या डाग सेलांडर आणि सहकाऱ्यांनी सशांच्या नसांवर प्रयोग करून दाखवलं की लांब कापाच्या धारदार सुईपेक्षा आखूड कापाची सुई नसेच्या गाभ्यात कमी वेळा शिरते. नस तिच्यापुढून बाजूला सरकते. ब्लॉकच्या सुया तेव्हापासून आखूड कापाच्या झाल्या. पुढे १९९२ मध्ये राइस आणि मॅकमहन यांनी उंदरांवर पाहिलं की आखूड कापाची सुई नसेत शिरलीच, तर मात्र ती जास्त चेंदामेंदा करते आणि भरून यायला जास्त वेळ लागतो. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. सुई कुठलीही असो, ती नसेत शिरताच कामा नये, आणि त्यासाठी टोक दिसत राहिलं पाहिजे.

चमकणारी सुई विकताना पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं असं एक सत्य इथे सांगायला हवं. सुई दिसणं आणि सुईचं टोक दिसणं या दोन गोष्टी आहेत. पडद्यावर सुईची लख्ख रेघ दिसते, ती एका जागी संपते, आणि शिकाऊ डॉक्टरला वाटतं टोक तिथे आहे. प्रत्यक्षात सुई ध्वनीच्या पातळ पडद्यातून किंचित बाहेर गेलेली असते. दिसतोय तो तिचा मधला भाग, आणि टोक एखाद सेंटिमीटर पुढे, न दिसता, धमनीच्या किंवा आवरणाच्या दिशेने चाललेलं असतं. जितकी सुई जास्त चमकते तितका हा भ्रम जास्त पटण्याजोगा होतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथमध्ये ब्रायन साइट्स आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ डॉक्टरांच्या पाचशेहून अधिक ब्लॉकचं चित्रण तपासलं. सगळ्यात जास्त वेळा झालेल्या दोन चुका अशा: सुई दिसत नसताना ती पुढे सारणं, आणि नकळत प्रोब हलणं. सुई बदलून यातली दुसरी चूक सुधारत नाही. पहिली थोडी सुधारते.

म्हणून कसलेले भूलतज्ज्ञ एकट्या सुईच्या चमकेवर विसंबत नाहीत. सुई थांबवतात आणि प्रोब अगदी मंद हलवून तिला पुन्हा पडद्यात आणतात. सुईला शोधत प्रोब आणि प्रोबला शोधत सुई अशी दोन्हीची पळापळ करत नाहीत. प्रोबचं एक टोक कातडीत थोडं दाबून सुईचा कोन कमी करतात. सुई घालण्याची जागा प्रोबपासून जरा दूर घेतात, म्हणजे ती आडवी येते. मशीनमध्येच ध्वनीची दिशा तिरकी करण्याची सोय असेल तर ती चालू करतात. आणि शंका आली की मिलिलिटरभर सलाइन सोडून बघतात: जिथे काळा बुडबुडा फुगतो तिथे टोक. मला यातली ही शेवटची युक्ती सगळ्यात भरवशाची वाटते, कारण सुईच्या रेघेने फसवणूक होऊ शकते, द्रव मात्र टोकातूनच बाहेर पडतो. तो सोडताना जोर लावावा लागला, किंवा पेशंट कळवळला, तर तिथेच थांबायचं, पडदा काहीही सांगत असो.

सराव कशावर करायचा? जिलेटिनचा थर, चायना ग्रास घट्ट शिजवून त्यात बसवलेल्या नळ्या, कोंबडीच्या मांसाचा तुकडा, असं काहीही चालतं आणि ते स्वस्त पडतं. फक्त एक ध्यानात ठेवायचं. जिलेटिनमध्ये भोवती सगळा अंधार असतो म्हणून साधी सुईदेखील झळकते. माणसाच्या चरबीत आणि स्नायूंच्या पडद्यांत पांढऱ्या रेघांची आधीच गर्दी असते आणि त्यात सुईची रेघ हरवते. सुयांची तुलना करणाऱ्या प्रयोगांचं मोलही याच कसोटीवर जोखावं. तिरक्या कोनांत, अंदाजे तीस ते साठ अंशांच्या दरम्यान, नक्षीची सुई साध्या सुईपेक्षा स्पष्ट दिसते यावर बहुतेक प्रयोगांचं एकमत आहे. उथळ जागी, जिथे सुई आडवीच जाते, तिथे फारसा फरक पडत नाही. मनगटासाठी कॉलर बोनच्या वरचा ब्लॉक बारीक चणीच्या पेशंटला द्यायचा असेल तर चांगला हात साध्या सुईने निभावून नेतो. जाड मानेच्या पेशंटला, किंवा खुब्याच्या हाडाजवळ, मांडीत खोलवर जायचं असेल, तर नक्षीच्या सुईचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

त्याच मोकळेपणाने सोनोग्राफीच्या फायद्यांकडेही पाहावं. औषध रक्तात जाऊन विषासारखं भिनण्याचे प्रसंग तिच्यामुळे कमी झाले, हे मोठ्या नोंदींमधून दिसलेलं आहे. औषध कमी लागतं. कॉलर बोनच्या वर पूर्वी तीस-चाळीस मिलिलिटर देत, आता वीसच्या आसपास भागतं. सुई वारंवार टोचावी लागत नाही, ब्लॉक लवकर चढतो. पण नसेला होणारी कायमची इजा, जी दहा हजारांत दोन ते चार जणांना होते असं सांगतात, ती सोनोग्राफीने आणखी घटली असं अजून सिद्ध झालेलं नाही. मुळात इतकी दुर्मीळ गोष्ट आणखी कमी झाली हे दाखवायलाच प्रचंड संख्या लागते.

आता पुन्हा दहिसर. १९५७ मध्ये मुंबईची हद्द इथपर्यंत वाढली आणि चेकनाका हे शहराचं टोक झालं. नाक्याच्या पलीकडे मीरा-भाईंदर, वेगळी महापालिका, वेगळा जिल्हा. या पट्ट्यातल्या बऱ्याच ऑपरेशनांची जागा म्हणजे दहा-वीस खाटांची नर्सिंग होम्स. त्यांच्याकडे पगारी भूलतज्ज्ञ नसतो. तो सकाळी बोरिवलीत, दुपारी दहिसरला, संध्याकाळी मीरा रोडला असतो आणि स्वतःची बॅग घेऊन फिरतो. बॅगेत औषधं, नळ्या, सुया सगळं मावतं. सोनोग्राफी मशीनही आता लॅपटॉपएवढं झालंय, तेही मावेल. पण कायद्याने ते बॅगेतून नेता येत नाही.

तो कायदा महाराष्ट्राने कमावलेला आहे. गर्भजल परीक्षेचा वापर मुली नको म्हणून होऊ लागला तेव्हा मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर ऐंशीच्या दशकात उभे राहिले आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा या राज्यात झाला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला आणि १९९६ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. तो कागदावरच राहतोय असं दिसल्यावर 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक सोनोग्राफी मशीनला तपासण्यांची नोंद ठेवणारा 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडायला लावला, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. एवढं होऊनही शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची महाराष्ट्रातली संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी घसरतच गेली. २०१२ मध्ये नियम आणखी आवळले गेले. हलवता येणारं मशीन ज्या रुग्णालयाच्या नावावर नोंदलं आहे त्याच आवारात, तिथल्या दाखल पेशंटसाठी वापरायचं, किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात, एरवी नाही. मशीनची जागा बदलायची तर तीस दिवस आधी कळवायचं. एका डॉक्टरने एका जिल्ह्यात दोनपेक्षा जास्त केंद्रांवर सोनोग्राफीसाठी नाव नोंदवायचं नाही. नोंद नसलेलं मशीन सापडलं तर जप्ती.

चेकनाक्यावरची जकात २०१७ च्या जुलैत गेली, छोट्या गाड्यांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. भूलतज्ज्ञाची गाडी आता न थांबता पलीकडे जाते. मशीन जात नाही. कायदा मशीन पाहतो, ते कशासाठी आणलंय ते पाहत नाही. मशीनच्या पडद्यावर खांदा बघतात की गर्भ, याचा भरवसा तोंडी शब्दावर ठेवता येत नाही, हे आपण आकड्यांनी शिकलो आहोत. उथळ पाहणाऱ्या चपट्या प्रोबची मशिनं कायद्यातून वगळावीत अशी मागणी होऊ शकते. माझं मत तिच्या विरुद्ध आहे: प्रोब बदलायला अर्धं मिनिट लागतं. सूट नको, पण नोंदणी सोपी हवी. ऑपरेशन थिएटरमध्ये कायमचं ठेवलेलं एक मशीन, त्याला फक्त चपटा प्रोब, वापरणाऱ्या भूलतज्ज्ञांची नावं नोंदवहीत, आणि ज्या नर्सिंग होममध्ये ते काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी नाव नोंदवण्याची मुभा, एवढं झालं तरी चेकनाक्याच्या दोन्ही बाजूंच्या पेशंटचा प्रश्न बराचसा सुटेल. तोवर कित्येक ठिकाणी महागडी नक्षीची सुई असून उपयोग नाही, कारण ती ज्या पडद्यावर चमकायची तो पडदाच थिएटरमध्ये नाही. तिथे साधी सुई आणि बोटांचा अंदाज यांवरच काम चालतं, नाहीतर पूर्ण भूल दिली जाते.

म्हणून घरातल्या कुणाचं हाताचं ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच भेटावं आणि सरळ विचारावं: ब्लॉक देता येईल का, सोनोग्राफी पाहून देणार का, मशीन याच थिएटरमध्ये आहे का. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती न विसरता सांगावी, बोटांना आधीपासून मुंग्या येत असतील तर तेही. नंतर त्या ब्लॉकमुळे आल्या की शुगरमुळे, हा घोळ टळतो. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ठासून सांगावं, कारण मानेत किंवा कॉलर बोनच्या वर दिलेल्या ब्लॉकने त्या बाजूचं श्वासपटल काही तास ढिलं पडू शकतं. मग डॉक्टर काखेतला किंवा कोपराजवळचा ब्लॉक निवडतील. ऑपरेशननंतर हात सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, बधिर राहतो. तोवर तो झोळीत ठेवायचा, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, चहाचा कप त्या हातात द्यायचा नाही. वेदनेची गोळी हात जागा होण्याआधीच घ्यायची, कारण ब्लॉक उतरला की दुखणं एकदम अंगावर येतं. आणि धाप लागली, छातीत दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशीही बोटं हलत नसतील, तर रात्र असो की रविवार, भूलतज्ज्ञांना फोन करायचा.